इसार

बटाट्याची काढणी संपत आली होती. हार्वेस्टरच्या पट्ट्यावरून बटाटे, ढेकळं, दगड आणि वाळलेले वेल असं सगळं एकत्रच वाहत येत होतं. ओडिल देशेन दोन्ही हातांनी त्यातले दगड उचलून बाजूला फेकत होती. यंत्राच्या हादऱ्यानं दाढा दाढांवर आपटत. नाकातोंडावर बांधलेला रुमाल धुळीनं कडक झाला होता. वाऱ्याला आता धार आली होती, आणि नदीपल्याड कॅनडाच्या डोंगरावरची झाडं निम्मी उघडी पडली होती.

शेताच्या कडेला एक पांढरी गाडी येऊन थांबली. तीतून एक बाई उतरली. पायात नवे कोरे रबरी बूट, दुकानातून सरळ इथंच आल्यासारखे. ती शेतात उतरली नाही. कडेलाच उभी राहून हात हलवत राहिली.

शेताचा मालक नॉर्मन सिर यानं ट्रॅक्टर थांबवला. "ओडिल, तुझ्याकडं आलीय बघ. लवकर आटप. पट्टा थांबला की माझं रक्त थांबतं."

ओडिल उतरली. रुमाल गळ्यात ओढला तसा तोंडाभोवती पांढरा पट्टा उमटला.

"मी मार्लिस हॅगर्टी," बाई म्हणाली. "ग्रेगरीनं पाठवलंय मला. तुमच्या घरमालकाचा पुतण्या. अल्डेरिककाका वसंतात गेले, ते तुम्हाला माहीतच आहे. ग्रेगरी घर विकायला काढतोय. उद्या पाटी ठोकायची आहे. म्हटलं, तुम्ही अंगणात पाटी बघण्याआधी तोंडानं सांगावं."

मागं यंत्र घरघरत होतं आणि तिघी बायका पट्ट्यावरून वाकून बघत होत्या.

"आम्ही वीसेक वर्षं राहतोय तिथं," ती म्हणाली.

"म्हणून तर आले. तुम्हीच का नाही घेत? पहिली बोली तुमची."

दिवसभर दगड वेचताना ओडिलच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. पहिली बोली तुमची. बाई बरी वाटली तिला. नवे बूट घालून का होईना, शेतापर्यंत आली होती.

घर नदीच्या वळणावर होतं. दुमजली, लाकडी, कधीकाळचं पांढरं. वाऱ्याच्या अंगाला रंगाचे पापुद्रे सुटले होते. अल्डेरिक भाडं घ्यायला यायचा तेव्हा दर वेळी म्हणायचा, "माझ्यामागं हे तुम्हालाच. दुसरं कोण घेतंय इथं?" त्या भरवशावर रेनाल्डनं तळघराला फरशी केली होती, शेगडी बसवली होती, मागच्या खोलीचं छप्पर बदललं होतं. म्हातारा मनापासून बोलायचा. पण बोलायचाच. लिहून काही ठेवलं नाही.

रेनाल्ड म्हणजे ओडिलचा नवरा. काढणीत बटाट्याचा ट्रक चालवायचा आणि हिवाळ्यात मिळेल ते करायचा. उजवा खांदा कामातून गेला होता, कोट चढवताना आधी तो हात घालावा लागे. घरात तिसरी ओडिलची आई, बर्निस. तिला काही दिवस सगळं आठवायचं, काही दिवस काहीच नाही. ती शेगडीजवळच्या खुर्चीत बसून असायची.

शनिवारी मार्लिस घरी आली. ओडिलनं प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची जाळीदार धिरडी, घातली. तव्यावर एकाच अंगानं भाजायची, वर लोणी, मग मेपलचा पाक. घरी आलेल्या माणसाला या खोऱ्यात याहून वेगळं काय घालणार? मार्लिसनं चार खाल्ली.

"माझी आजी करायची अशी," ती बोटं चाटत म्हणाली. मग तिनं पिशवीतून कागद काढला. "आधी एक सांगून ठेवते, नंतर गैरसमज नको. मी ग्रेगरीची माणूस आहे. तुम्ही मला जे सांगाल ते त्याच्या कानावर घालणं माझं काम. तुम्हाला तुमच्या बाजूचा एजंट करायचा असेल तर जरूर करा. नसेल करायचा, तर इथं सही करा, की मार्लिसनं आम्हाला हे सांगितलंय."

रेनाल्ड हसला. "ज्या घराच्या पायरीपायरीला मी खिळा ठोकलाय, ते मला दाखवायला दलाल कशाला?"

"फक्त दाखवायला नसतो तो," मार्लिस म्हणाली.

"मग कशाला असतो?"

"बोलायला असतो. कागद बघायला."

"बोलायला ही आहे की," रेनाल्डनं ओडिलकडं मान उडवली. "बोलण्यात हिला कोण हरवतंय!"

ओडिलनं शुक्रवारीच एकाला फोन केला होता. तासभराच्या वाटेवर राहणारा, जवळपास तेवढाच एक. तो म्हणाला होता, आधी माझ्याशी करार करा. ग्रेगरीनं माझा वाटा दिला नाही तर तो तुम्ही द्यायचा. तिनं फोन ठेवून दिला होता. बँकेचं कर्ज मिळणार ते घरापुरतं, वर आणखी एक तोंड कुठून भरायचं?

दोघांनी सही केली.

मग मार्लिस आईच्या गुडघ्यांची चौकशी करू लागली, शेगडी किती लाकूड खाते ते विचारू लागली. आणि त्याच सुरात, पाकाची बाटली पुढं ओढत म्हणाली, "बँक कुठवर जाते म्हणाली तुमची?"

ओडिलनं आकडा सांगितला. टेबलाखाली रेनाल्डचा बूट तिच्या नडगीवर बसला, पण तोवर आकडा तोंडातून गेला होता.

मार्लिसनं तो कुठं लिहिला नाही. पाचवं प्लॉय मात्र घेतलं.

बोली त्यांनी बरीच खालची लावली. छप्पर जुनं, खिडक्या गळक्या, हे सगळं ओडिलनं पाठ केल्यासारखं सांगितलं. मार्लिस ते ऐकून मान हलवत गेली. गाडी वळणाआड झाल्यावर रेनाल्ड म्हणाला, "पत्ते उताणे टाकून खेळलीस."

"तिनं विचारलं."

"विचारणारच. आत्ताच सांगत होती की ती कुणाची आहे."

"मग तू का नाही मध्ये बोललास?"

"माझ्या तोंडात घास होता."

आई खुर्चीतून म्हणाली, "बाई छान होती. कुणाची मुलगी?"

बोलीला उत्तर लगेच आलं नाही. आधी लोक आले. रविवारी दुपारी अंगणात परक्या गाड्या उभ्या राहिल्या. मार्लिसनं फोनवर सांगितलं होतं की तेवढा वेळ तुम्ही बाहेर गेलात तर बरं, लोक मोकळेपणानं बघतात. पण आईला घेऊन त्या थंडीत कुठं जाणार? ओडिलनं पहाटेपासून जमीन घासली, भांडी फडताळात लपवली, बिछाने ताणले. दुसऱ्यानं आपलं घर विकत घ्यावं म्हणून आपणच ते चकचकीत करतोय, हे तिला बादली रिकामी करताना जाणवलं. पण घाणेरड्या घरात बाहेरच्याला कसं येऊ द्यायचं? ते तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

लोक बूट काढून वरखाली फिरले. कुणी न्हाणीघरातला नळ सोडून बघितला. एका बाईनं ओडिलच्या खोलीचं कपाट उघडलं, आत टांगलेले कपडे एका अंगाला सारले आणि भिंतीवर टिचक्या मारल्या. ओडिल दारातच उभी होती.

"आत किती खोल आहे ते बघत होते," बाई म्हणाली.

"बघा की," ओडिल म्हणाली.

खाली आईनं प्रत्येकाचा हात धरून ठेवायला सुरुवात केली होती. एवढी माणसं, सगळी हळू बोलणारी, मोजे घालून चालणारी. तिनं तिचा अर्थ लावला. "आलात, बरं केलंत," ती एका उंच, टकलावाल्या माणसाला म्हणाली. "फार चांगला माणूस होता. त्रास नाही झाला त्याला, झोपेतच गेला."

माणूस गोंधळला. त्याची बायको मागून म्हणाली, "वाईट वाटलं ऐकून." आणि तिनं आईचा हात थोपटला.

रेनाल्ड बाहेर लाकडं फोडत होता. लोक जाईपर्यंत तो फोडत राहिला. खांदा दुखत होता तरी कुऱ्हाड खाली ठेवेना.

दोन दिवसांनी मार्लिसचा फोन आला. आणखी एक गिऱ्हाईक लागलंय, पण ग्रेगरीच्या मनात तुम्हीच आहात. अमुक आकड्याला तो देतो. आकडा बँकेचा होता. वर नाही, खाली नाही. ओडिलनं फोन छातीशी धरून रेनाल्डला सांगितला. त्यानं टोपी काढली आणि परत घातली.

"नाही म्हणू?" तिनं विचारलं.

"आणि जायचं कुठं?"

हो म्हणून झालं. इसार म्हणून दोघांचा काढणीचा सगळा पगार गेला. मार्लिसनं कागद आणले. नोव्हेंबरच्या तीस तारखेच्या आत खरेदीखत व्हायचं होतं. घर आहे तसं घ्यायचं, विकणारा एक खिळाही ठोकणार नाही, असंही त्यात होतं. ते वाचून रेनाल्ड म्हणाला, "त्यानं आजवर कधी ठोकला होता?" आणि सही केली. त्या रात्री घरात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज आला. ओडिलनं कोंबडीचा रस्सा केला. आईला वाटलं, नाताळ आला.

मग बँकेचा माणूस घराची किंमत करायला आला. कमी बोलणारा, ओल्या डोळ्यांचा. घराला एक फेरी मारून वाऱ्याच्या अंगाला थांबला आणि नखानं रंगाचा एक पापुद्रा उचलला. तळघराच्या जिन्याला कठडा नव्हता, त्याचा फोटो काढला. पुढच्या ओट्याची एक फळी दाबून बघितली. आठवड्यानं बँकेतून निरोप आला. खेड्यातल्या घरासाठी सरकार जे कर्ज देतं, त्याच्या अटी कडक. जुना रंग सुटलेला चालत नाही. कठडा हवा, ओटा पक्का हवा. हे झाल्याशिवाय पैसा सुटणार नाही.

"ग्रेगरी करणार नाही," मार्लिस फोनवर म्हणाली. "कागदातच आहे तसं."

"मग कुणी करायचं?"

"कोण करतं याच्याशी बँकेला देणंघेणं नाही, ओडिलबाई. झालं म्हणजे झालं."

म्हणून त्यांनी केलं. दुसरा रस्ता कुणी दाखवला नाही, आणि असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

नॉर्मनच्या वखारीत आता बटाट्याची प्रतवारी सुरू झाली होती. ओडिल दिवसभर पट्ट्यासमोर उभी राहून सडके बटाटे वेचायची. हातमोज्यातून ओल बोटांत शिरायची आणि तिथंच बसून राहायची. सुटली की घरी येऊन शिडीवर चढायची. रेनाल्डचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून वरचं तिच्याकडं आणि खालचं त्याच्याकडं. पत्र्याच्या पट्टीनं रंग खरवडायचा. पापुद्रे डोळ्यांत जायचे, कॉलरमध्ये जायचे. खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर पांढरा सडा पडायचा. जुना रंग विषारी असतो म्हणून रेनाल्डनं आईला त्या बाजूच्या खिडकीत बसू दिलं नाही, तर ती दिवसभर रुसून राहिली.

खरवडणं परवडलं, असं रंग लावायला घेतल्यावर वाटलं. रंगाला ऊब लागते, आणि ती त्या महिन्यात या खोऱ्यात कुठून आणायची? रेनाल्डनं भिंतीला टेकवून बांबूसारखे लांब दांडे उभे केले, त्यावर ताडपत्र्या टाकून आडोसा केला आणि आत रॉकेलची शेगडी ठेवली. आडोशात शिरलं की घाम यायचा आणि बाहेर आलं की तो अंगावर गोठायचा. दुपारी लावलेला रंग संध्याकाळी बोटाला चिकटायचा. एके दिवशी वाऱ्यानं ताडपत्री फाडली आणि ओल्या भिंतीवर पानं, काटक्या, धूळ सगळं जाऊन बसलं. ती अख्खी बाजू पुन्हा खरवडावी लागली. ओडिल शिडीवरच रडली. खाली रेनाल्डला ते कळलं, पण तो म्हणाला, "नाक पूस. रंगात पडेल."

नॉर्मन रस्त्यानं जाताना गाडी हळू करून ओरडला, "काय रे, लोकाच्या घोड्याला खरारा करतोस?"

"महिन्याभरात घोडा माझाच," रेनाल्ड म्हणाला.

त्या वर्षी तो हरणाच्या शिकारीला गेला नाही. दर हिवाळ्याला मांसाची सोय तिथूनच व्हायची. "पुढच्या वर्षी दोन मारीन," असं म्हणून त्यानं कठड्याचं लाकूड तासायला घेतलं. कठडा मात्र त्यानं असा केला की हात ठेवला तर लोण्यासारखा लागावा. एवढं कशाला, बँकेला नुसती फळी चालली असती, असं ओडिल म्हणाली. तो म्हणाला, "बँकेसाठी नाही. आपल्याला उतरायचंय रोज."

काम झालं तेव्हा महिन्याचे थोडेच दिवस उरले होते. घर असं दिसत होतं की नदीपल्याडच्या रस्त्यावरून लोक बोट दाखवत. आता बँकेच्या माणसानं येऊन एकदा बघायचं आणि हो म्हणायचं, एवढंच बाकी. ओडिलनं बँकेत फोन केला.

"आमचे कागद तयार आहेत," तिथली मुलगी म्हणाली. "फक्त पाहणी राहिलीय."

"मग पाठवा त्यांना."

"ते शिकारीला गेलेत. सोमवारी येतील."

सोमवारी बर्फाचं वादळ आलं. रस्ते बंद झाले. माणूस आला नाही. ओडिलनं मार्लिसला फोन लावला.

"तीस तारीख जवळ आली. चार दिवस इकडंतिकडं झाले तर चालेल ना?"

"मी घालते ग्रेगरीच्या कानावर. तुम्ही नका घोर करू."

"म्हणजे चालेल?"

"मी बोलते त्याच्याशी."

ओडिलनं फोन ठेवला आणि रेनाल्डला म्हणाली, "बोलते म्हणालीय." तोही बरं म्हणाला. मुदत वाढवून हवी असेल तर ती कागदावर मागावी लागते, दोन्हीकडच्या सह्या लागतात, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं, त्यांच्यातलं या दोघांच्या बाजूचं कुणी नव्हतं.

तरी तिला चैन पडेना. अल्डेरिकच्या जुन्या शेजाऱ्याकडून तिनं ग्रेगरीचा नंबर मिळवला. पलीकडून घाईत असलेला पण सभ्य आवाज आला. मागं कुत्रं भुंकत होतं.

"हो हो, काका नेहमी सांगायचे तुमच्याबद्दल," ग्रेगरी म्हणाला. "पण हे बघा, मी सगळं मार्लिसवर सोपवलंय. तिच्याशीच बोला."

"तिच्याशी बोललेय मी. ती म्हणते, तुमच्याशी बोलेल."

"मग झालं तर."

तीस तारीख गेली. बँकेचा माणूस तीन तारखेला आला, घराला फेरी मारली, कठड्यावरून हात फिरवला. "काम चांगलं केलंय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

त्याच दिवशी, दिवस मावळायच्या सुमारास, मार्लिस आली. या वेळी कोट काढला नाही. खुर्चीच्या टोकावर बसली.

"ग्रेगरीनं दुसऱ्यांना दिलं," ती म्हणाली. "ब्लेकली म्हणून आहेत, दक्षिणेकडचे. त्या रविवारी आले होते बघायला. तेव्हा म्हणाले होते, फार काम आहे. मागच्या आठवड्यात परत येऊन रस्त्यावरून बघून गेले. रोख देतायत. तुमची मुदत तीसला संपली, एकला त्यानं त्यांच्या कागदावर सही केली."

शेगडीवरचं पाणी उकळत होतं. ते उतरवायचं ओडिलला भान नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, बोलते."

"बोलले ना. तो म्हणाला, थांबायचं नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"ओडिलबाई, तुम्ही विचारलं नाहीत परत. आणि मी तुमची..." मार्लिस थांबली. तिचं तोंड जरा उतरलं होतं, ते खोटं नव्हतं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इथंच बसून. सही आहे तुमची."

"हा रंग आम्ही लावला," ओडिल म्हणाली. "त्या थंडीत. तू बघितलंस. येताजाता बघत होतीस तू. गाडी थांबवून म्हणालीस, किती छान दिसतंय."

तिच्या तोंडून 'तू' निघालं आणि ते तिला स्वतःलाही ऐकू आलं.

"छानच दिसत होतं," मार्लिस हळू म्हणाली. "इसार परत मिळेल तुमचा. सगळा. ते मी बघितलंय."

रेनाल्ड दाराशी उभा होता. ओडिलला वाटलं, आता हा काहीतरी करेल. टेबल उलथील, शिव्या घालील. त्यानं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. बाहेरची गार हवा आत येत राहिली. मार्लिस उठली, आईला नमस्कार केल्यासारखी मान लववली आणि गेली. ती पायऱ्या उतरताना रेनाल्ड म्हणाला, "खालची पायरी निसरडी आहे. सांभाळून." सवयच होती ती.

शहरात जाऊन एका वकिलाला विचारलं. त्यानं सगळे कागद शांतपणे वाचले. "एक ओळ," तो म्हणाला. "मुदतवाढीची एक ओळ आणि दोन सह्या. आणि दुरुस्ती करण्याआधी आणखी एक ओळ, की व्यवहार मोडला तर खर्च भरून मिळेल. कुणीही एजंट हे करून देतो." दावा लावता येईल, पण त्यात जाईल ते घराहून जास्त, असंही तो म्हणाला. रेनाल्डनं त्याचे आभार मानले. परतीच्या वाटेवर ओडिल म्हणाली, "मी आकडा सांगायला नको होता." रेनाल्ड म्हणाला, "मी दलाल करायला हवा होता."

नॉर्मनच्या वखारीमागं एक चाकांवरचं पत्र्याचं घर रिकामं पडून होतं. ते त्यानं दिलं. भाडं पगारातून. आत दोन खोल्या, भिंती टिचकीनं वाजणाऱ्या, आणि बटाट्याचा कुबट, गोडसर वास. सामान निम्मंही मावलं नाही. आईची खुर्ची ठेवली तर दार पूर्ण उघडेना. आई विचारायची, "आपण कुणाकडं आलोय? कधी जायचं परत?" ओडिल आधी नीट समजावून सांगायची. नंतर म्हणायला लागली, "जाऊ उद्या."

किल्ल्या द्यायला ओडिल आणि रेनाल्ड दोघं गेले. ब्लेकली नवराबायको अंगणातच होते. तो उंच, टकलावाला. ती खिडक्यांची मापं घेत होती.

"मालकानं किती सुरेख रंगवून घेतलंय," ती ओडिलला म्हणाली. "आम्ही पहिल्यांदा बघितलं तेच घर हे, ओळखूच येत नाही, हो ना?"

ओडिल तिच्याकडं बघत राहिली. चांगल्या चेहऱ्याची बाई होती, तिला खरंच काही माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती हळहळली असती. आत बोलावून कॉफी दिली असती, त्याच स्वयंपाकघरात.

"हो," ओडिल म्हणाली.

तिकडं टकलावाला रेनाल्डला विचारत होता, की आम्ही आता वसंतातच येणार, हिवाळाभर घर बंद. तर अंगणातला बर्फ काढायला कुणी आहे का गावात? घर तापवायच्या तेलाची गाडी दारापर्यंत यायला हवी, नाहीतर नळ गोठतील.

"मी काढतो बर्फ," रेनाल्ड म्हणाला. "गावातली बरीच अंगणं माझ्याकडंच आहेत."

गाडीत बसल्यावर ओडिल म्हणाली, "त्याच दारात? लाज नाही वाटत?"

"दार कुणाचं का असेना. बर्फ तो बर्फच."

"मी असते तर थुंकले असते."

"तू 'हो' म्हणालीस," रेनाल्ड म्हणाला. "मी ऐकलं."



नाताळ झाला आणि मोठा बर्फ पडला. फटफटायच्या आतच रेनाल्डनं ट्रकच्या पुढं बर्फ सारायचा फाळ जोडला. आईला एकटं ठेवता येत नव्हतं, ती दार उघडून बाहेर चालू लागायची. एकदा मोज्यांवरच वखारीच्या रस्त्यापर्यंत गेली होती. म्हणून तिघंही निघाले. आई मध्ये, तिच्या मांडीवर गोधडी, एका बाजूला ओडिल. ट्रकमध्ये पत्र्याच्या घरापेक्षा ऊब तरी होती. दुकानाचं अंगण झालं, पाद्र्याचं झालं, नॉर्मनच्या आत्याचं झालं. मग ट्रक नदीकडं वळला.

घर बर्फात उभं होतं. भिंत आणि बर्फ यांच्यात आता फरक दिसत नव्हता. आत कुणी नव्हतं, पण खालच्या खोलीत दिवा होता. आपोआप लागणारा आणि आपोआप विझणारा. चोरांना वाटावं की माणसं आहेत.

रेनाल्डनं फाळ खाली टाकला. पहिली फेरी दारापर्यंत गेली. बर्फ दोन्ही अंगांना उलथत गेला आणि खालची वाट उघडी पडली. ट्रक ओट्यासमोर थांबला. आईनं काचेतून बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा असा मोकळा झाला की ओडिलनं तसा कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता.

"आलो बाई एकदाचे," आई म्हणाली आणि मांडीवरची गोधडी बाजूला सारून सीटचा पट्टा सोडू लागली. "ओडिल, उतर की. मला उतरू दे. शेगडी विझली असेल."

"थांब आई."

"थांबायचं कशाला? दिवा लावून ठेवलाय कुणी तरी."

तिची बोटं पट्ट्याच्या कडीशी झटत होती. ओडिलनं तिचं मनगट धरलं. हाडाएवढंच उरलेलं मनगट, पण जोर होता त्यात. आई तिच्याकडं बघू लागली, आधी नवलानं, मग रागानं, मग एखाद्या परक्या बाईकडं बघावं तशी.

"सोड मला," ती म्हणाली. "माझं घर आहे ते."

रेनाल्डनं समोरच बघत फाळ उचलला आणि गाडी मागं घेतली. अजून निम्मं अंगण साफ करायचं राहिलं होतं.